सप्तमीला उतरलेलं यान

"बाई, विक्रमाक पॅराशूट कित्याक नव्हता?"

24 ऑगस्ट 2023, सकाळचा पहिला तास. आदल्या संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला होता. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की कौलांवरची कबुतरं उडाली. पेढे वाटले, भारतमातेचा जयजयकार झाला, मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. 7 सप्टेंबर 2019 ची ती पहाट मी विसरले नव्हते. चांद्रयान-2 चा संपर्क जमिनीपासून 2.1 किलोमीटरवर तुटला आणि पडद्यावरची ती हिरवी रेघ तिथंच थांबली होती.

पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारलं, "काल काय पाहिलंत?" आणि उत्तर आलं, "टाळ्या." तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीनं हा पॅराशूटचा प्रश्न टाकला. तिचे आजोबा तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे प्रमुख. घर खाडीच्या तोंडाशी. वाऱ्यानं उलटी झालेली छत्री आणि फुगलेलं शीड तिनं चालायला लागल्यापासून पाहिलेलं. उंचावरून काही हळू खाली आणायचं तर वारा अडवायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून तर तिला पॅराशूटची आठवण झाली.

मी उत्तर दिलं नाही. वही आडवी धरली, तिच्यावर कागदाचा एक कपटा ठेवला आणि दोन्ही एकदम सोडलं. कपटा वहीला चिकटून धप्पकन खाली आला. मग कपटा एकटा सोडला, तो तरंगत बाकाखाली गेला. पाच मिनिटं वर्गात नुसता गोंधळ. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वहीनं त्याचा वारा अडवला." तिथून चंद्रावर जायला वेळ लागला नाही. 1971 साली अपोलो-15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस सोडलं, आणि दोन्ही एकदम खाली पडली, ते मी सांगितलं. हवाच नाही तर पॅराशूट धरणार काय? म्हणून विक्रमला खाली तोंड केलेली इंजिनं पेटवत, स्वतःचा वेग स्वतःच मारत उतरावं लागलं.

वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. अवकाशाबद्दल मुलांना सांगायचं म्हणजे यानांची नावं, तारखा, वजनं फळ्यावर लिहायची आणि प्रश्नमंजुषेला मुलं न्यायची, असं मीही बरीच वर्षं केलं. मुलं बक्षिसं आणायची. "प्रज्ञान रोव्हरचं वजन किती?" "26 किलो!" पण 26 किलोचा रोव्हर चंद्रावर किती जड लागेल, हे त्या बक्षीस मिळवणाऱ्या मुलाला विचारलं की तो माझ्याकडे पाहत राहायचा. मध्यंतरी एका संस्थेची माणसं बाटलीची रॉकेटं घेऊन आली होती. चाळीस मिनिटांत तीन रॉकेटं उडाली, बॅनरसमोर फोटो झाले, गाडी गेली. एकाही मुलाच्या हातात पंप दिला नव्हता. मला त्या दिवशी खरंच राग आला. मुलांचे डोळे तेव्हा केवढे मोठे झाले होते!

त्या पॅराशूटच्या प्रश्नानंतर मी एक ठरवलं. अवकाशातली जी गोष्ट वर्गात आणायची, तिचं एक टोक इथं, आमच्या किनाऱ्यावर, मुलांच्या हाताला लागलं पाहिजे. टोक सापडत नसेल तर ती गोष्ट थांबेल. मी शोधत राहीन.

पहिलं टोक तांडेल आजोबांनीच दिलं.

मुलीनं घरी जाऊन त्यांना यानाचं सगळं सांगितलं, आणि ते म्हणाले, "सप्तमीक उतारला? म्हंजे भांगाक." दुसऱ्या दिवशी हे वाक्य ती वर्गात घेऊन आली. मी चमकले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं. 21 ऑगस्टला नागपंचमी, म्हणजे 23 ला श्रावण शुद्ध सप्तमी. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. आजोबांनी यानाची तारीख पाण्याच्या हिशेबात बसवून टाकली होती.

मग आम्ही हाच हिशेब उलट्या बाजूनं केला. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्या जागा बदलतात म्हणून तिथी बदलते. म्हणजे कुठल्या तिथीला चंद्राच्या कुठल्या भागावर ऊन पडलंय हे ठरलेलं. विक्रम सूर्याच्या पॅनेलवर चालणारा. तो उतरला ती जागा चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, साधारण 69 अंश अक्षांशावर. त्या जागी सूर्य नुकताच उगवलेला असताना उतरायचं, म्हणजे तिथला अख्खा दिवस कामाला मिळतो. तो दिवस आपल्या जवळजवळ 14 दिवसांचा. मुलांनी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, पौर्णिमा ओलांडली आणि वद्य पंचमीच्या आसपास थांबली. "इथं त्याच्याकडे काळोख व्हायला येईल." काही दिवसांनी बातमी आली. 4 सप्टेंबरला विक्रमला झोपवलं. मी कॅलेंडर वर्गात आणलं. वद्य पंचमी! त्या दिवशीचा वर्ग मी कधी विसरणार नाही. मुलांनी बातमी ऐकण्याआधी ती काढलेली होती, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, ज्याच्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असतो.

आजोबांना मग शाळेत बोलावलं. त्यांनी भरतीची वेळ काढायची रीत सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला पाणी पुरं भरणार. मुलांनी पंधरा दिवस धक्क्याच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजलं. भरती रोज साधारण पाऊण तास, कधी जास्त, पुढं सरकत होती. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा उगवतो, ते पुस्तकात होतंच. आजोबा म्हणाले, "चंद्र पाणी वडता ह्या आमका कोणी शिकवक नाय." आणि मग त्यांनी मला विचारलं, "पण बाई, चंद्र डोक्यार नसताना, पलीकडल्या बाजूक असतानाय भरती येता, ती कशी?" पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाणी का फुगतं, हे समजावून सांगायला मला फळ्यावर तीन वेळा आकृती काढावी लागली. तिसऱ्या आकृतीला त्यांनी मान हलवली. ती मान मला अजून दिसते.

अंतराचं टोक नारळात सापडलं. पृथ्वी म्हणून एक मोठा असोला, म्हणजे वरचं सोडण न काढलेला नारळ घेतला, वीस सेंटिमीटर व्यासाचा. चंद्र म्हणून मोठं लिंबू. "आता लिंबू कुठं धरायचं ते सांगा." सगळ्यांनी हातभर अंतरावर धरलं. पुस्तकातल्या चित्रात तसंच असतं ना. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे सहा मीटर. नारळ टेबलावर ठेवून लिंबू घेतलेला मुलगा मागे-मागे जात वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकला तेव्हा सगळे गप्प झाले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक? 400 किलोमीटर उंचीवर, म्हणजे आमच्या नारळापासून सहा मिलिमीटर. सोडणाच्या जाडीतच मावेल. सूर्य म्हणजे बावीस मीटरचा गोळा, एखाद्या उंच माडाएवढा, आणि तो ठेवायचा दोन किलोमीटरच्याही पुढे. 2 सप्टेंबर 2023 ला आदित्य-एल1 निघालं तेव्हा गावात सगळे म्हणत होते, आपलं यान सूर्यावर चाललं. 15 लाख किलोमीटरवर ते थांबणार होतं. मुलांनी टेप घेऊन मोजलं, साडेतेवीस मीटर, शाळेच्या पायरीपासून पटांगणातल्या जांभळीपर्यंत. एक मुलगा जांभळीला पाठ टेकून उभा राहिला आणि दूर डोंगराकडे पाहत म्हणाला, "अजून केवढा रवला!" किती उरलंय ते!

पुढच्या उन्हाळ्यात वाळूचा प्रयोग केला. हा प्रयोग मला सगळ्यांत जवळचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विक्रमसोबत चास्टे नावाचं एक उपकरण होतं. दहा सेंटिमीटरची एक सळई चंद्राच्या मातीत खुपसायची, तिच्यावर निरनिराळ्या खोलीला दहा तापमापक. त्यातून आलेला आलेख इस्रोनं 27 ऑगस्टला प्रसिद्ध केला होता. वर पन्नासच्या पुढे असलेलं तापमान आठ सेंटिमीटर खाली जाईपर्यंत उणे दहाच्या आसपास. आठ सेंटिमीटर म्हणजे आपली चार बोटं आडवी ठेवली तर होईल तेवढं. मुलांना मी हे सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आकडेच होते ते.

सकाळची शाळा सुटल्यावर साडेबाराला आम्ही पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत गेलो. मी म्हटलं, "चपला काढा." पोरं नाचायला लागली. कोकणातलं कुठलंही मूल अशा वेळी काय करतं? पायाचा अंगठा वाळूत रुतवतं, आणि खालची गार वाळू लागली की थांबतं. सगळ्यांनी तेच केलं. एकेकानं पावलं घोट्यापर्यंत पुरली आणि मग हसायला लागले. "बाई, चास्टे!" कोण ओरडलं ते कळलं नाही, पण ओरडलं.

प्रयोगशाळेतले चार तापमापक नेले होते. एक वाळूच्या वरच्या थरात जेमतेम झाकलेला, एक बोटाच्या पेरभर खाली, एक चार बोटं, एक वीतभर. पारा स्थिरावेपर्यंत वर दुपट्ट्याची सावली धरायची की नाही यावर वाद झाला, आणि तो वाद मी मुद्दाम मिटवला नाही. शेवटी दोन गट पडले, एकानं सावली धरून मोजलं, एकानं उघड्यावर. वर 52, पेराला 45, चार बोटांवर 37, वीतभर खाली 32. दुसऱ्या गटाचे आकडे वेगळे आले. एका मुलीनं लगेच खोडरबर काढला आणि आपले आकडे पहिल्या गटासारखे करायला लागली.

मी तिचा हात धरला. आमच्या शाळांमध्ये हे फार आहे. उत्तर "बरोबर" आलं पाहिजे, म्हणून पोरं निरीक्षणच पुसून टाकतात, आणि प्रयोगवह्या तपासताना आम्हीच त्याला उत्तेजन देतो. तिथंच वाळूत बसून मी चांद्रयान-2 ची गोष्ट सांगितली. 2019 ला उतरण्यासाठी ठरवलेली जागा 500 मीटर बाय 500 मीटर होती. पुढच्या वेळी ती 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन जास्त घेतलं. काय बदलायचं हे त्यांना कळलं, कारण यान पडता पडताही आकडे पाठवत होतं आणि ते कुणी पुसले नव्हते. मुलीनं खोडरबर दप्तरात टाकला. मग आम्ही शोधलं, फरक का आला? तिच्या गटाचा खड्डा भरतीच्या रेषेजवळ होता. खालची वाळू ओली होती.

आणि त्या ओल्या वाळूनंच पुढचं दार उघडलं. आपल्या वाळूत ओल असते, कणांमध्ये हवा असते, त्यातून ऊब हळूहळू खाली झिरपते. चंद्राची माती बारीक, मोकळी, कणाकणांमध्ये पोकळी, ना हवा ना पाणी. उष्णतेनं खाली उतरायचं तरी कशावरून? म्हणून चार बोटांत साठ अंशांचा फरक पडतो. आमच्याकडे पंधरा. आता तो उणे दहाचा आकडा पोरांना तळपायाला कळला होता.

विजयदुर्गाची गोष्ट मात्र मला अवघड गेली.

18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याची सावली कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणमच्या बाजूनं समुद्रात गेली. विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी त्या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि सूर्यावरचा हेलियम शोधला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. मी स्वतः पंधरा वर्षं ही गोष्ट याच शब्दांत शिकवली, छाती फुगवून.

गेल्या वर्षी सहलीत, त्या ओट्यांजवळच, एकानं विचारलं, "बाई, ऑगस्टात हय सूर्य खय दिसता?" सगळे हसले. पण प्रश्न रास्त होता. परत आल्यावर आम्ही शोधायला बसलो. लॉकयर यांनी रॉयल सोसायटीला पाठवलेल्या टिपणाची तारीख 20 ऑक्टोबर 1868. ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना त्यांनी नव्या वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, सूर्याच्या कडेच्या ज्वाळा पाहिल्या. ग्रहणाच्या दिवशी ते भारतात नव्हतेच. गुंटूरला होते फ्रान्सचे पिअर जान्सेन, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. ज्वाळांच्या वर्णपटात त्या दिवशी एक पिवळी रेघ दिसली होती.

वर्गात शांतता पसरली. "म्हंजे ता खोटा?" एकानं विचारलं. गावाची गोष्ट काढून घेतल्यासारखं वाटत होतं त्याला, आणि मलाही. मी म्हटलं, ग्रहण खरं, त्याची सावली या किल्ल्यावरून गेली तेही खरं. लॉकयर इथं होते, तेवढं खरं नाही. आणि त्या पिवळ्या रेघेची खरी गोष्ट याहून मोठी आहे, ती आता बघू.

स्पिरिटचा दिवा पेटवला. खिडक्या लावल्या. एका मुलीच्या डब्यातल्या कैरीसोबत पुडीत मीठ होतं, त्यातली चिमूट ज्योतीवर टाकली. भगभगीत पिवळा! जुन्या सीडीचा चकचकीत भाग तिरका धरून मुलांनी ती ज्योत पाहिली. मेणबत्तीच्या ज्योतीचं सीडीत इंद्रधनुष्य होतं, मिठाच्या ज्योतीचा बहुतेक सगळा पिवळाच. तो मिठातल्या सोडियमचा. 1868 ला कित्येकांना वाटलं, सूर्यावरची ती रेघही सोडियमचीच. पण नीट मोजल्यावर ती जराशी बाजूला निघाली, जुळेना. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. लॉकयर म्हणाले, हा नवा पदार्थ आहे, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. लोकांनी मानलं नाही. 1895 साली विल्यम रॅम्झे यांना तो एका खनिजात पृथ्वीवर सापडला. सत्तावीस वर्षं फक्त एका रेघेवर टिकलेला शोध! डब्यातल्या मिठाच्या इतका जवळून गेलेला. आज आदित्य-एल1 वरच्या दुर्बिणीत एक चकती सूर्याचं बिंब सतत झाकून ठेवते, आणि ज्यासाठी जान्सेन समुद्र ओलांडून गुंटूरला आले ते काही मिनिटांचं दृश्य आता रोज दिसतं.

आता किल्ल्यावर गेलं की आमची मुलं ही गोष्ट सांगतात. पाहुण्यांनी "पण इथंच शोध लागला ना?" असं विचारलं तर अदबीनं सांगतात, "नाही काका, पण सावली इथूनच गेली." मला त्याचा फार अभिमान वाटतो.

2025 च्या जून-जुलैत भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर होते. ते तिथं जाऊन परत येईपर्यंत आमच्याकडे पाऊस. एकाही रात्री आकाश उघडलं नाही. मुलं हिरमुसली. पण शुक्लांनी वर मूग आणि मेथी रुजवायला ठेवल्याची बातमी होती. आम्हीही ठेवले, काचेच्या पेल्यात, ओल्या टीपकागदाच्या आणि काचेच्या मधे. मोड आल्यावर पेला आडवा केला. दोन दिवसांत सगळी मुळं काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे. "वर तर खाली असा काय नसताच," आता आठवीत गेलेली आमची तांडेलाची नात म्हणाली, "मग मूळ जाताला खय?" त्यावर बराच वेळ बोलणं झालं. मुगाची उसळ दुसऱ्या दिवशी डब्यात आली.

नोव्हेंबरात आकाश स्वच्छ झालं आणि एका संध्याकाळी स्थानक दिसणार होतं. पालकांनाही बोलावलं. पुळणीवर चाळीसएक माणसं, तांडेल आजोबा खुर्चीवर. साडेसहाच्या पुढे काळोख दाटला. दूर बोटींचे दिवे लुकलुकत होते, लाटांचा पांढरा काठ तेवढा दिसत होता. ठरल्या मिनिटाला समुद्रावरून, वायव्येकडून, एक ठिपका वर चढला. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. शुक्रासारखा तेजस्वी होत डोक्यावर आला. मी हळूच सांगत होते, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग, आपल्या रातराणीला मुंबई गाठायला रात्र लागते, याला एक मिनिट. कुणी ऐकत नव्हतं. सगळ्यांच्या माना वळत होत्या.

पूर्वेला डोंगरावर अजून बरंच आकाश शिल्लक असताना ठिपका तांबूस झाला, मंद झाला आणि मधेच नाहीसा झाला. बायकांमधून "अगो बाय!" असा आवाज आला. ढग नव्हता. आजोबा खुर्चीवरून अर्धवट उठले. "बुडाला काय गो?"

मी तोंड उघडणार, तोच काळोखातून त्यांच्या नातीचा आवाज आला.

"नाय ओ आज्या. ता थयच आसा. पृथ्वीच्या सावलेत गेला."